गाडीची तब्येत

रुडॉल्फ गाडी विकतोय हे हिल्डाला घरात कुणी सांगितलं नाही. वसईच्या होळी नावाच्या बाजारात केळीचे लोंगर मांडून बसलेल्या बाईने सांगितलं, तेही सुटे पैसे परत देता देता. मच्याडोंच्या घरातली बातमी आधी बाजारात पिकायची आणि मग घरी यायची, ही सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत होती. तेव्हा हिल्डाला नवल वाटलं नाही. केळी मात्र ती तिथेच विसरली.

गाडी धाकट्या दिराच्या, म्हणजे रुडॉल्फच्या पैशाने आलेली. नोंदणी त्याच्या नावावर, त्यामुळे विकायचा हक्कही त्याचाच. तो बहारीनला आणि गाडी वसईला, अशी दोन वर्षं गेली; आता तो सुट्टीवर घरी आला होता. हिल्डाकडे होत्या त्या फक्त चाव्या. तिचा नवरा फ्रेडरिक बँकेत होता आणि रुपयाचा हिशेब डोळे मिटून करू शकत होता, पण समोरून बैलगाडी आली तरी तो रस्ता सोडून उभा राही. म्हणून गाडी शिकली ती हिल्डा. नणंद इझाबेलच्या नवऱ्याने, पॉलने, तिला कळंबच्या समुद्रकाठी ओहोटीच्या ओल्या वाळूवर शिकवली. तिथे धडकायला काहीच नसतं. एकदा ती पाण्यात शिरली, तर तो म्हणाला, आता मासे सांभाळ. साऱ्या गावात गाडी चालवणारी ती पहिली बाई. शाळेत मुलांना पाढे शिकवताना ती 'हिल्डा टीचर' असे, घरात 'फ्रेडरिकची बायको' असे, आणि चाकामागे बसली की कुणाचीच कुणी नसे. ते तिला फार आवडे. गाडी गेली की हे जाणार होतं, आणि हे असं दिराला सांगायची काही सोय नव्हती.

आता गाडी विकायचं कारण. नायगावच्या शत्रुघ्नकडे खाडीलगतचा एक पट्टा होता, अर्धं खाजण, अर्धं चिखल. तो पट्टा रुडॉल्फला द्यायचा आणि गाडी घ्यायची, असा तोंडी व्यवहार ठरला होता. रविवारी संध्याकाळी शत्रुघ्न गाडी न्यायला येणार होता. रुडॉल्फची बायको डेल्फिन या व्यवहारावर खूश होती. बाकी घर म्हणत होतं, त्या खारटाणात राहायला कोण जाणार, खेकडे? पण रुडॉल्फचं म्हणणं एकच होतं. चिखल तरी जागेवर राहतो. ही गाडी तर सारखी आजारी असते.

आणि हे त्याला कुणी सांगितलं होतं? सगळ्यांनी.

त्याचं असं होतं की आमच्या या पट्टीत कुणी कुणाला 'नाही' म्हणत नाही. शेजाऱ्याला तोंडावर नकार देणं हे जवळपास पापात मोडतं, पाद्र्यापुढच्या कबुलीजबाबात सांगावं लागेल इतकं. म्हणून वस्तू बिघडते. शेजारच्या टॉमसकडे शिडी मागायला जा, तिची पायरी मोडलेली असते. पॉलचा पाण्याचा पंप मागा, त्यात बेडूक अडकलेला असतो. इझाबेलचं लग्नातलं मोठं तपेलं तर गेली कित्येक वर्षं कल्हईला गेलेलं आहे. मागणाऱ्याला कळतं, देणाऱ्याला कळतं, कुणाचं मन मोडत नाही आणि पुढच्या रविवारी चर्चमध्ये एकाच बाकावर बसता येतं.

गाडी आली तेव्हा सुरुवातीचे काही महिने हिल्डा कुणालाच काही बोलली नाही. मग गाडीतून सुकटीची पोती गेली, एक बोकड गेला, आणि बारशाला निघालेल्या एका म्हातारीने नव्या सीटवर पानाची पिंक टाकली. त्यानंतर गाडीची तब्येत ढासळली. कधी बॅटरी उतरे, कधी रेडिएटर तापे. कार्बोरेटर हा शब्द हिल्डाला विशेष आवडे, कारण तो म्हटला की समोरचा पुढे काही विचारत नसे. गाव समजून होतं. पण गावातली पोरं बहारीनलाही होती. त्यांतल्या ॲन्सेल्मने घरून आल्यावर रुडॉल्फला सहज सांगितलं, तुमची गाडी काय बाबा, सदा गॅरेजात. आणि आठ वर्षं परदेशात राहिलेला रुडॉल्फ आपल्याच गावची भाषा विसरला होता. त्याने ते खरं मानलं.

तेव्हा गाडी वाचवायची तर हिल्डाला एकच गोष्ट करायची होती. सगळ्यांसमोर म्हणायचं, की गाडी आजवर एकदाही बिघडलेली नाही. दोन पंक्चर आणि एक वायपर, एवढाच तिचा आजार. पण हे बोलायचं रविवारी दुपारच्या घरच्या जेवणात, जिथे समोर इझाबेल बसणार होती. आणि इझाबेलच्या मुलीचं, रिटाचं, लग्न जानेवारीत झालं तेव्हा गाडीचा क्लच गेला होता.

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर स्वयंपाकघरात सासू उर्सुला तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. डुकराच्या आंबट-तिखट इंद्यालचा वास साऱ्या घरात भरला होता. हिल्डा चुलीपाशी उभी राहून भाकरी फुगायची वाट बघत होती, खरं तर धीर यायची.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही रुडॉल्फला सांगा ना. तुमचं तो ऐकेल."

"काय सांगू?"

"गाडी ठेव म्हणून."

उर्सुलाने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. मग ती एकदम आपल्या नवऱ्याच्या जुन्या मोटारीविषयी बोलू लागली. व्हिन्सेंटच्या त्या काळ्या मोटारीच्या गोष्टी गावात अजून निघायच्या. वांद्र्याच्या कुणा डॉक्टरने टाकून दिलेली, व्हिन्सेंटने उचललेली. लग्नात व्हिन्सेंट जेवढी पीत असे त्याच्या दुप्पट ती पेट्रोल पीत असे, आणि धक्का मारल्याशिवाय कधी हलली नाही. धक्का मारायला अर्धं गाव यायचं. ज्याने धक्का मारला त्याला बसायचा हक्क, असा व्हिन्सेंटचा कायदा होता. त्यामुळे आजारी माणूस, नवरी, पाद्री, एकदा तर टॉमसच्या बापाची शवपेटीसुद्धा तिच्यातून गेली होती.

"ती रोज बिघडायची नि सगळ्यांना न्यायची," उर्सुला म्हणाली. "ही कधी बिघडत नाय नि कुणाला नेत नाय. मी काय सांगू गो त्याला?"

हिल्डाचे कान तापले. म्हणजे म्हातारीला सगळं ठाऊक होतं. तिने भाकरी उलटली आणि बोट भाजून घेतलं.

तसं पाहिलं तर क्लचच्या प्रकरणात हिल्डाचीही बाजू होती. ती कुणी विचारली नव्हती, एवढंच. रिटाच्या लग्नाला गाडी मागायला इझाबेल स्वतः आली, आणि हिल्डा 'हो' म्हणणारच होती. तिने मनातल्या मनात गाडी फुलांनी सजवलीसुद्धा होती. मग इझाबेल म्हणाली, चालवायला भाड्याचा ड्रायव्हर बघितलाय, मुलाकडची माणसं बडी आहेत, बाईमाणसाने नवरी आणली तर हसतील. हिल्डाने चहा पुढे केला आणि ती म्हणाली, बाय, काय सांगू, कालच क्लच गेला. आपलं तोंड हे बोलतंय हे तिलाही बोलून झाल्यावर कळलं. इझाबेल चहा पिऊन निघून गेली. रिटा चर्चला गेली ती बापाच्या टेम्पोतून, ज्यातून एरवी होळी बाजाराला केळी जायची. पॉलने नवा कोट घालून टेम्पो स्वतः चालवला, आणि चर्चच्या दाराशी उतरून मुलीचा हात धरून तिला आत नेलं. टेम्पो आदल्या दिवशी दोनदा धुतला होता. तरी रिटाच्या पांढऱ्या झग्याला मागे केळीच्या चिकाचा डाग पडला. केळीचा चीक कपड्यावरून जात नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हिल्डा तेव्हा मागच्या बाकावर बसली होती, आणि सगळा मिस्सा तिला तो डागच दिसत राहिला.

जेवायला सगळे बसले. रुडॉल्फने बहारीनची बाटली उघडली, पॉलला आणि फ्रेडरिकला दिली, आणि शत्रुघ्न यायच्या आत सगळ्यांना आपला निर्णय नीट समजावा म्हणून गाडीचे आजार सांगायला घेतले. त्याने ते पाठच करून ठेवले होते. बॅटरी, रेडिएटर, कार्बोरेटर, मागचं वर उघडणारं दार अडकतं ते वेगळंच. फ्रेडरिक प्रत्येक आजाराला मान डोलवत होता. खरं काय ते त्याला माहीत होतं, पण भावाशी वाद नको आणि बायकोशी तर त्याहून नको, म्हणून तो मधल्या वाटेने इंद्याल खात होता.

पॉलने विचारलं, लिटरला किती देते. फ्रेडरिकला हा प्रश्न मानवला, कारण त्याचं उत्तर आकड्यात होतं. तो म्हणाला, गावात सोळा, हायवेला अठराच्या वर. मग त्याला थांबवता येईना. पपांच्या मोटारीला वर्षाला जेवढं इंजिन ऑइल लागे तेवढ्यात हिची निम्मी सर्व्हिसिंग होते, टायर अजून पहिलेच आहेत, असं तो सांगत गेला. डेल्फिनने हात थांबवून त्याच्याकडे बघितलं.

"म्हणजे खर्च तर काहीच नाही," ती म्हणाली.

"नाहीच," फ्रेडरिक म्हणाला, आणि मग हिल्डाचा चेहरा पाहून घाईने भात मागितला.

"आजारी गाडी अठरा देत नाय," पॉल हळूच म्हणाला. "माझा टेम्पो धडधाकट हाय, तरी नऊ देतो."

"मग बिघडते कशी इतकी?" रुडॉल्फने विचारलं.

हिल्डाच्या हातातला घास तसाच राहिला. आता बोलायचं, असं तिने ठरवलं. तोंडही उघडलं. पण समोर इझाबेल होती, आणि तिच्या शेजारी रिटा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरलेली, ताट पोटापासून लांब धरून जेवणारी. हिल्डाला वाटलं, गाडी बिघडली नव्हती असं म्हणणं म्हणजे या पोरीच्या झग्यावर तो डाग मी लावला, असं तिच्या तोंडावर म्हणणं आहे. तिने तोंड मिटलं. जाऊ दे गाडी, असं एक क्षण तिने मनापासून म्हटलं.

रुडॉल्फ मात्र सोडणारा नव्हता. घरात त्याचा विश्वास मोठ्या बहिणीवर. तिने शेंडेफळाला कडेवर वाढवलं होतं. तो इझाबेलकडे वळला.

"बाय, तूच सांग. ॲन्सेल्म बोलला, रिटाच्या लग्नाला गाडीचा क्लच गेला, म्हणून पोरीला टेम्पोतून न्यावं लागलं. खरं ना?"

इझाबेलने हाडावरचं मांस सावकाश सोडवलं. हिल्डा तिच्या बोटांकडे बघत राहिली. एक 'हो' म्हटलं की झालं. खोटंही नव्हतं ते. हिल्डाने तिला तसंच सांगितलं होतं. आणि असं 'हो' म्हणण्याची संधी इझाबेलला जानेवारीपासून कुणी दिली नव्हती.

"कसला क्लच?" इझाबेल म्हणाली. "आम्ही गाडी मागितलीच नव्हती. पॉलला हौस होती, पोरीला आपल्या टेम्पोतून न्यायची. बापाची हौस."

टेबलावर सगळे पॉलकडे बघू लागले. पॉलला ही हौस आत्ताच कळत होती. त्याने घास गिळला.

"होती," तो म्हणाला. "फार होती."

रिटाने आईकडे बघितलं, मग हिल्डाकडे, मग ती ताटात बघून जेवू लागली. हिल्डाला रडू आलं. ते तिने लोणच्याच्या तिखटावर ढकललं आणि पाणी प्यायलं.

"मग ॲन्सेल्म?" रुडॉल्फ गोंधळला. "रेडिएटर? कार्बोरेटर?"

तेव्हा उर्सुला बोलली. "रुडॉल्फ, तू लहान असताना टॉमसकडे शिडी मागायला जायचास. तो काय बोलायचा?"

"पायरी मोडली."

"मोडली होती?"

रुडॉल्फने ग्लास खाली ठेवला. त्याने आईकडे बघितलं, मग वहिनीकडे, आणि मग त्याचे खांदे हलू लागले. तो हसायला लागला तो थांबेना. आठ वर्षांत आपण एवढे परके झालो, असं तो हसता हसता म्हणाला, आणि त्या वाक्याशी त्याचं हसणं थोडं कमी झालं. डेल्फिनला मात्र यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. गाडी चांगली असेल तर शत्रुघ्नकडून जमिनीचा मोठा पट्टा मागता येईल, असा तिचा सरळ हिशेब होता.

"चांगली गाडी कोण विकतं?" रुडॉल्फ म्हणाला. "वहिनी, चाव्या तुझ्याकडेच राहू देत."

संध्याकाळी शत्रुघ्न आला. पांढरं धोतर, हातात गाडीसाठी झेंडूचा हार आणि एक सोललेला नारळ. तो आल्या आल्या गाडीभोवती फिरला, मागचं दार वर उचलून बघितलं, आणि खाडीच्या गावात असं दार फार कामाचं, भाताची पोती सरळ आत जातात, असं कौतुकाने म्हणाला. आता याला काय सांगायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

रुडॉल्फ पुढे झाला.

"शत्रुघ्नभाऊ," तो म्हणाला, "काय सांगू तुम्हाला. दुपारीच गिअरबॉक्स गेला."

हिल्डाने उर्सुलाकडे बघितलं. म्हातारीने डोळे मिटून मान हलवली. पोरगा घरी आला होता.

शत्रुघ्नने रुडॉल्फकडे नीट बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडावर एक समजूतदार भाव आला. त्याने दार हळूच खाली केलं.

"मंग बेसच झालं," तो म्हणाला. "मी पन त्येच सांगाला आल्तो. बांध फुटला. भरतीचं पानी आत आलं, जमीन पान्याखाली गेली. तुमाला कशी देऊ?"

"अरेरे," रुडॉल्फ म्हणाला.

"चालायचंच," शत्रुघ्न म्हणाला. "सुकंल कधीतरी."

त्याने चहा घेतला, दोघांनी एकमेकांच्या नुकसानीबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली, आणि जाताना हार उर्सुलाला क्रुसासाठी दिला. नारळ तो परत घेऊन गेला. त्या जमिनीला पुढे काय भाव आला आणि डेल्फिनने ते मच्याडोंना जन्मभर कसं ऐकवलं, तो भाग वेगळा.

दिवेलागणीला इझाबेल, पॉल आणि रिटा निघाले. घर वाडीपलीकडेच होतं. पॉल पुढे चालू लागला आणि रिटा त्याच्या दंडाचा आधार घेऊन मागोमाग. हिल्डा चाव्या घेऊन फाटकापर्यंत धावत आली.

"इझाबेलबाय, मी सोडते ना तुम्हाला."

"नको. चाललेलं बरं असतं तिला."

हिल्डा फाटक धरून उभी राहिली. दिवसभर जे तोंडाशी येऊन परत जात होतं ते आता आलं. "बाय, त्या दिवशी क्लच..."

"ठाऊक हाय," इझाबेल म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, पण मऊही नव्हता. "मी चहा पिऊन गेले नि संध्याकाळी तू आमच्याच दारावरून गेलीस. हॉर्न वाजवीत. मी झग्याला मोती लावत बसले होते."

हिल्डाला ते आठवत नव्हतं. हॉर्न तर ती त्या वळणावर रोजच वाजवायची.

"डाग अजून गेला नाय," इझाबेल म्हणाली. "लिंबू लावलं, मीठ लावलं. कपाटात ठेवलाय तसाच."

वाडीत कुणाचा तरी पंप सुरू झाला. रिटाने पुढून आईला हाक मारली.

"रिटाचे दिवस भरलेत," इझाबेल म्हणाली. "कधी बोलवीन सांगता येत नाय. क्लच नीट ठेव."

ती दोन पावलं गेली आणि पुन्हा वळली.

"नि भाड्याचा ड्रायव्हर नको. तूच ये."

ती तिघं वाडीच्या वळणाआड जाईपर्यंत हिल्डा फाटकाशीच होती. मग ती गाडीपाशी गेली, दार उघडून आत बसली आणि किल्ली फिरवली. गाडी नेहमीसारखी पहिल्या फटक्यात सुरू झाली. हिल्डाने ती बंद केली. गाडी घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिला भीती वाटली, की ही खरंच बिघडली तर? तिने पुन्हा किल्ली फिरवून बघितली.